रडक्या चेहऱ्याचं बटण

सुशील बोंद्रे कॅन्टीनमध्ये तर्रीपोह्याचा पहिला घास तोंडात घालत होता, तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन अँब्युलन्ससारखा किंचाळला. शेजारच्या टेबलावरच्या दोन नर्स दचकून उभ्या राहिल्या. सुशीलने घास तसाच गिळला आणि जिन्याकडे धाव घेतली. फोन कोणी केला नव्हता. खाली ओपीडीच्या दारात कोणीतरी लाल बटण दाबलं होतं.

बटणांचं यंत्र आदल्या दिवशीच बसलं होतं. कमरेएवढा खांब, त्यावर तीन चेहरे: हिरवा हसरा, पिवळा सरळ तोंडाचा आणि लाल रडका. वर पाटी, 'आमची सेवा कशी वाटली?' धंतोलीतल्या या साठ खाटांच्या हॉस्पिटलला गुणवत्तेचं प्रमाणपत्र हवं होतं. ते मिळालं की विमा कंपन्या दर वाढवून देणार होत्या. पण त्यासाठी शंभरातले नव्वद रुग्ण समाधानी आहेत, असं आकड्यांत दाखवावं लागणार होतं. म्हणून हॉस्पिटलच्या मालकीण डॉ. कामिनी, ज्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत, त्यांनी यंत्र आणलं आणि यंत्रामागे एक गुणवत्ता अधिकारी उभा केला. रिसेप्शनवर बसणाऱ्या सुशीलला कॉम्प्युटरवर रंगीत आलेख काढता येतात, एवढंच त्यांना ठाऊक होतं. तेवढं पुरलं.

"लाल वाजलं की पाच मिनिटांत पोचायचं," त्यांनी बजावलं होतं. "माणूस शोधायचा, कारण विचारायचं, तिथल्या तिथे मिटवायचं. तीन आठवड्यांनी तपासणी आहे. प्रमाणपत्र आलं तर तुझी नोकरी पक्की. नाही आलं, तर तुझा दरवेळचा अकरा महिन्यांचा करार पुढच्या महिनाअखेर संपतोच आहे."

घरी बायकोला, श्वेताला, सातवा महिना लागला होता. सुशील पोहे सोडून पळाला तो त्यामुळे.

दारात गर्दी होती. त्याने धापा टाकत विचारलं, "लाल बटण कोणं दाबलं जी?"

"म्या दाबलं," बाकावरून आवाज आला. नऊवारी नेसलेल्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलेल्या मनकर्णाबाई काठीवर दोन्ही हात ठेवून बसल्या होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. सक्करदऱ्याला लेकीकडे मुक्काम होता. लेक सोनिका कामावर जाताना त्यांना व्यायामासाठी नऊ वाजता इथे सोडायची आणि पाच वाजता न्यायची. व्यायाम अर्ध्या तासाचा. बाकीचा दिवस त्या येणाऱ्याजाणाऱ्यांची चौकशी करत.

"काय त्रास झाला मावशी?"

"गुडघा दुखून राहिला."

"अवं मावशी, ते बटण गुडघ्यासाठी नाही. इथली सेवा कशी वाटली, ते सांगाचं असते."

"मंग सेवा काय गुडघ्याले सोडून असते का गा?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "हा बाक पाय ना. जमिनीले लागला. बसलं तं बसलं, उठाले दोन माणसं लागतात. हाडाच्या डाक्टरापुढं असा बाक ठेवला कोणं?"

सुशीलने बाकाकडे पाहिलं. पाच वर्षं तो या बाकाशेजारून जात होता. आता पाहिलं, तर बाकावरची सगळी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली. तो वरच्या मजल्यावरच्या मीटिंगच्या खोलीत गेला, दोन हातांच्या चार उंच खुर्च्या लिफ्टमधून आणल्या आणि बाकाच्या जागी मांडल्या. मनकर्णाबाई एकीवर बसल्या, हातांवर जोर देऊन उठल्या, पुन्हा बसल्या.

"आता कसं!" त्या म्हणाल्या. मग शेजारच्या बाईकडे वळल्या. "पाह्यलं काय वं? तो रडका चेहरा दाबला का हा भाऊ पळत येते. अन् आयकून घेते."

हे शेवटचं वाक्य हॉस्पिटलला फार महागात पडलं.

दुसऱ्या दिवशी लाल बटण अकरा वेळा वाजलं. जनरल वॉर्डातल्या संडासाची कडी तुटलेली होती, बायका आळीपाळीने दार धरून उभ्या राहत होत्या. सुशीलने कोपऱ्यावरच्या दुकानातून कडी आणून स्वतः लावली. एकाला गोळी जेवणाआधी की जेवणानंतर, ते कळत नव्हतं. रामटेकहून आलेल्या एका निवृत्त गुरुजींना सोनोग्राफीसाठी उपाशी राहायला सांगितलं होतं. सोनोग्राफी दुपारवरून उद्यावर गेली, पण आता खा, असं सांगायचं मात्र सगळे विसरले होते.

"काल राती आठ वाजता जेवलो," गुरुजी अदबीने म्हणाले. "आता तीन वाजले. माझी तक्रार नाही, फक्त विचारलं."

सुशील त्यांना कॅन्टीनमध्ये घेऊन गेला आणि स्वतःचा डबा त्यांच्यापुढे उघडला. लक्षात राहावं म्हणून त्याने एक जाड वही केली. बटण किती वाजता वाजलं, कोणी दाबलं, काय अडचण, काय केलं, किती वाजता मिटलं, असे रकाने आखले. दिवसभर पळून त्याची पोटरी दुखायची, पण एक गोष्ट त्याला नवीन होती. संध्याकाळी घरी जाताना लोक त्याला नावाने हाक मारत. रिसेप्शनवर पाच वर्षं काढून त्याला फक्त 'ओ भाऊ' एवढंच नाव मिळालं होतं.

अडचण एकच होती. लोक जितके खूश होत, तितकं लाल बटण जास्त दाबत. हिरवं दाबून कोणी येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. हिरवं दाबणारे उरले फक्त औषधकंपन्यांचे प्रतिनिधी. समाधानाचा आकडा सोमवारी एकाहत्तर होता. गुरुवारी तो एकोणतीस झाला आणि पुढच्या मंगळवारी सात.

मोठ्या मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. समोर त्यानेच काढलेला रंगीत आलेख होता.

"सुशील, हा आलेख आहे की सक्करदऱ्याच्या बागेतली घसरगुंडी?"

"मॅडम, खरं सांगू का? लोक खूश आहेत."

"खूश आहेत म्हणून रडका चेहरा दाबतात?"

"हो मॅडम."

मोठ्या मॅडमनी चष्मा काढला. "हे बघ, मी सर्जन आहे. रुग्ण रडत असेल तर तो रडतोय, एवढं मला कळतं. तपासणीला आठवडा उरलाय. सातावरून नव्वदवर जायचंय. काय वाट्टेल ते कर, पण खोटे आकडे भरायचे नाहीत. पकडले गेलो तर उरलंसुरलंही जाईल."

सुशील बाहेर आला, तर फोन वाजला. तो खाली धावला आणि लिफ्टपाशीच थबकला.

यंत्रासमोर वामनराव ठवकर उभे होते. लकडगंजात सागवानाचे मोठे व्यापारी. पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन तिसऱ्या मजल्यावरच्या डीलक्स खोलीत होते. त्या खोलीला नऊ हजार रुपये रोज, एसी, टीव्ही, सोफा आणि उशाशी घंटी. अंगात हॉस्पिटलचा झगा, एका हाताने सलाइनचा खांब ढकलत ते लिफ्टने खाली आले होते आणि दुसऱ्या हातातल्या मनगटी घड्याळाकडे बघत होते.

"दोन मिनिटं चाळीस सेकंद!" सुशीलला पाहताच ते ओरडले. "मावशी, बरोबर सांगत होत्या तुम्ही."

"म्या कधी खोटं बोलते?" मनकर्णाबाई खुर्चीतून म्हणाल्या.

"ठवकरजी, तुम्ही सलाइन घेऊन खाली काहून आले?" सुशील घाबरून म्हणाला.

"तं काय करू गा? वर घंटी दाबून चाळीस मिनिटं झाले. कोणी नाही आलं. माझ्या आरामशीनीवरचा लाकूड कापणारा माणूस इथं जनरलमधी भरती आहे, तो भेटाले आला तं सांगते का खाली एक बटण आहे, दाबलं का माणूस पळत येते! नऊ हजार मी देऊन राहिलो अन् माणूस त्याच्याकडं पळून राहिला?"

"तुमची अडचण काय आहे?"

"अडचण?" वामनराव जरा गोंधळले. "उशी. उशी लई उंच आहे. मान आखडून राहिली."

सुशीलने त्यांना व्हीलचेअरवर बसवलं, वर नेलं, पातळ उशी दिली. मग तो सिस्टरांच्या टेबलाशी गेला. सरिता सिस्टर आणि तिची जोडीदारीण कागदांच्या ढिगात मान खाली घालून लिहीत होत्या. मागच्या भिंतीवर घंटीचे तीन दिवे लुकलुकत होते.

"सिस्टर, घंटी वाजून राहिली ना."

"माहीत आहे," सरिता सिस्टर मान वर न करता म्हणाली. "त्याचाच फॉर्म भरून राहिली मी. घंटी किती वाजता वाजली, कोण गेलं, किती वेळात गेलं, काहून उशीर झाला. एका घंटीचा दोन पानी फॉर्म आहे, सुशीलभाऊ. गुणवत्तेचा. तुमच्याच सहीनं आला ना?"

सुशीलने सही ओळखली. त्याचीच होती. तो तीनही खोल्यांत जाऊन आला. एकीत पाणी हवं होतं, दुसरीत पडदा ओढायचा होता. तिसरीतला माणूस घंटी वाजवून झोपी गेला होता.

दुपारी वामनरावांनी अर्ज केला. "मले जनरल वॉर्डात टाका." कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'चांगली सेवा मिळावी म्हणून.' संध्याकाळपर्यंत शेजारच्या दोन खोल्यांतूनही तसेच अर्ज आले. एसीचा गारवा सोडून तीन बड्या आसामी खाली जनरल वॉर्डात, पंख्याखाली, आरामशीनीवरच्या माणसाच्या शेजारच्या खाटांवर येऊन पडल्या. येताना वामनराव मिठाईचा डबाही घेऊन आले. पथ्यामुळे त्यांना खाता येत नव्हती, म्हणून त्यांनी ती वॉर्डभर वाटली.

तिसरा मजला रिकामा होऊ लागला, तशा मोठ्या मॅडम स्वतः खाली आल्या. वॉर्डाच्या दारात उभं राहून त्यांनी पाहिलं, तर वामनराव आडवे पडून पत्ते पिसत होते.

"सुशील," त्या इतक्या हळू म्हणाल्या की तो जास्तच घाबरला, "तुला गुणवत्ता वाढवायला सांगितली होती. तू हॉस्पिटल उलटं करून ठेवलंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी श्वेता डबा भरत होती आणि सुशील जेवणाच्या टेबलाशी डोकं धरून बसला होता.

"राजीनामाच देतो," तो म्हणाला. "लोकायले मदत करावी तं आकडा पडते. आकडा वाढवाचा तं लोकायकडं पाहाचं नाही. काय करू?"

"लाल दाबल्यावर तुमी जाता ना?"

"हो."

"मंग हिरवं दाबल्यावर जा ना."

सुशीलने डोकं वर केलं. श्वेता डब्याची कडी लावत होती, आपण काही विशेष बोललो असं तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. "त्याइले काय, कोणतं का असेना, माणूस आला म्हणजे झालं. भाजीत मीठ कमी आहे आज, सांगून ठेवते."

यंत्र बसवणाऱ्या माणसाला फोन गेला. नऊ वाजायच्या आत फोनची किंचाळी लालवरून हिरव्यावर गेली. आता फक्त लोकांना सांगायचं होतं, आणि ओपीडीत लोकांना काही सांगायचं तर ते आधी मनकर्णाबाईंना पटावं लागायचं.

त्यांना पटेना. "हसरा चेहरा दाबू? अन् गुडघा तं दुखूनच राहिला. खोटं काहून बोलू मी या वयात?"

"मावशी, चेहऱ्याकडं पाहूच नका. रंग पाहा. चौकातला सिग्नल नसते का? लाल झाला का?"

"थांबाचं."

"अन् हिरवा झाला का?"

"सुटाचं."

"मंग! हिरवं दाबलं का मी सुटतो. लाल दाबलं का मी थांबतो."

मनकर्णाबाईंनी विचार केला. "हे बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आधीच उलटं लावलं होतं तुमी. तरीच म्हणलं, लाल दाबल्यावर हा पळते कसा." दहा मिनिटांत ओपीडीत आणि अर्ध्या तासात वॉर्डात बातमी पोचली. दुपारपर्यंत आकडा चाळिसाच्या वर गेला. आठवडा सरता सरता, जुने आकडे सोडून नव्या मोजणीत, तो शहाण्णव झाला. मोठ्या मॅडमनी आलेख पाहिला, सुशीलकडे पाहिलं, पुन्हा आलेख पाहिला आणि विचारलं, "खोटा नाही ना?"

"एकही आकडा खोटा नाही मॅडम. लोकांनीच दाबलंय." हे बोलताना त्याची मान आपोआप खाली गेली. मोठ्या मॅडमचं तिकडे लक्ष नव्हतं.

गुरुवारी तपासणीसाठी मिनल कर्णिक आल्या. बारीक चणीच्या, पांढऱ्या सुती साडीतल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आधी हात धुवायच्या जागा पाहिल्या, मग औषधांच्या तारखा, मग बिलं. शेवटी केबिनमध्ये बसून त्यांनी समाधानाचा आलेख समोर ओढला.

"मागच्या मंगळवारी सात. आज शहाण्णव. नऊ दिवसांत काय केलंत?"

"स्टाफचं ट्रेनिंग," मोठ्या मॅडम ठामपणे म्हणाल्या.

"वा. यंत्र बघू या."

सुशीलने वही काखेत मारली. ते खाली आले, तेव्हा यंत्रासमोर सात-आठ माणसांची रांग होती. रांगेत तिसरे वामनराव होते. त्यांना दोन दिवसांपूर्वीच घरी जाता आलं असतं, पण ते टाके काढूनच जाईन म्हणून अडून बसले होते. त्यांची पाळी आली. त्यांनी हसरा चेहरा दाबला. सुशीलच्या खिशात फोन किंचाळला. मिनल मॅडमनी खिशाकडे पाहिलं, मग वामनरावांकडे.

"काका, तुम्ही समाधानी आहात?"

"कायचं समाधान बाई?" वामनराव म्हणाले. "पंखा खडखड करून राहिला. रातभर डोळा नाही लागला."

"मग हिरवं का दाबलं?"

"लाल आता बंद झालं ना!"

"बंद नाही झालं," मनकर्णाबाईंनी खुर्चीतून दुरुस्ती केली. "लाल म्हणजे थांबाचं, हिरवं म्हणजे सुशीलभाऊनं सुटाचं. तुमाले काय अडचण आहे बाई? दाबून पाहा. दोन-तीन मिनिटं लागतात, पण तो आता इथंच उभा आहे तं लगेच होईन."

रांगेतल्या सगळ्यांना वाटलं, या नव्या बाईही ऐकून घेणाऱ्या असाव्यात. ते एकदम बोलू लागले. नळाला पाणी नव्हतं. एक्स-रेवर दुसऱ्याचं नाव लागलं होतं. एका आजोबांना काहीच नको होतं, ते नुसते सुशीलला नातू झाल्याचं सांगायला आले होते. मोठ्या मॅडम भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघत उभ्या राहिल्या.

"म्हणजे," मिनल मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हे शहाण्णव टक्के समाधान नाही. या शहाण्णव टक्के तक्रारी आहेत."

"हो मॅडम," सुशील म्हणाला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. नोकरी गेलीच होती, निदान खरं तरी बोलावं. "चूक माझी आहे. मोठ्या मॅडमना माहीत नव्हतं. आधी लालवर जात होतो तर आकडा सातवर आला. म्हणून हिरव्यावर जायला लागलो. काम तेच आहे, बटण बदललं."

"कोणतं काम?"

त्याने काखेतली वही पुढे केली. मिनल मॅडम मनकर्णाबाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि वाचू लागल्या. पान उलटलं, आणखी एक उलटलं. मधेच त्यांनी विचारलं, "हे गुरुजी कोण? एकोणीस तास उपाशी?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेल्या. चहा आला आणि गार झाला. सुशील तेवढ्यात जाऊन पंख्याचा स्क्रू आवळून आला आणि त्याची नोंद त्यांच्याच हातातल्या वहीत करून गेला.

"जनरल वॉर्डात अडचण मिटायला सरासरी नऊ मिनिटं," त्या कागदावर बेरजा करत म्हणाल्या. "तिसऱ्या मजल्यावर, तुमच्याच फॉर्मप्रमाणे, त्रेचाळीस. या सगळ्या सुधारणांना खर्च किती आला?"

"कडी, स्क्रू, दोन बल्ब," सुशीलने आठवलं. "तीनशे दहा रुपये."

"आणि या यंत्राला?"

मोठ्या मॅडम खोकल्या. "ते... बरंच."

मिनल मॅडमनी आपला छापील फॉर्म काढला. 'रुग्णसमाधान' या रकान्यासमोर त्यांचं पेन बराच वेळ अधांतरी राहिलं. सात लिहावं तरी खोटं आणि शहाण्णव लिहावं तरी खोटं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'मोजता आलं नाही. वही पाहावी.' पुढचा प्रश्न होता, 'आर्थिक दुर्बल रुग्णांना कमी दर्जाची सेवा मिळते काय? हो / नाही.' त्यांनी दोन्ही शब्द पुन्हा वाचले.

"गेली चौदा वर्षं मी हा फॉर्म भरतेय," त्या म्हणाल्या. "यात हे लिहायला जागाच नाही." मग समासात बारीक अक्षरांत लिहिलं, 'नाही. उलट आहे.'

अहवाल पंधरा दिवसांनी आला. मोठ्या मॅडमनी तो केबिनमध्ये उभ्यानेच वाचला. प्रमाणपत्र मिळालं होतं, पण सहा महिन्यांपुरतं आणि एका अटीवर. ती अट त्यांनी सुशीलला मोठ्याने वाचून दाखवली, कारण एकट्याने वाचून त्यांचा विश्वास बसत नव्हता. "'महागड्या खोल्यांतील रुग्णांनाही जनरल वॉर्डाच्या दर्जाची सेवा मिळावी. त्यांच्यावरील अन्याय दूर करावा.'" त्या खुर्चीत बसल्या. "सुशील, माझ्या डीलक्स पेशंटवर अन्याय! नऊ हजारांत!"

"मॅडम, ते घंटीचे दोन पानी फॉर्म आधी बंद करू."

"बंद. आणि तू उद्यापासून तिसऱ्या मजल्यावर."

"मग खाली कोण?"

हा प्रश्न मोठा होता. वरचा मजला सोडून खाली पळावं तर अन्याय, खालचा सोडून वर थांबावं तर दुसरा अन्याय. ज्याला औषधं कळत नाहीत पण लोकांचं ऐकून घेता येतं, ज्याचा दिवसभर तिथेच मुक्काम आहे आणि ज्याला कुठल्याही डॉक्टरची भीती वाटत नाही, असा माणूस हवा होता. दोघांनी एकाच वेळी काचेतून खाली पाहिलं. मनकर्णाबाई एका नवख्या जोडप्याला एक्स-रेची खोली काठीने दाखवत होत्या.

"मी काय शिकलेली आहे का डाक्टरीणबाई?" प्रस्ताव ऐकून त्या म्हणाल्या. "अन् मी धावणार नाही बरं का. ज्याचं काम आहे त्याले इथं बोलवीन."

"चालेल. पगार..."

"पगाराचं मंग पाहू. चाय दोन टाइम पाह्यजे. साखर घालून."

सोनिकाने आधी कपाळाला हात लावला, मग आईच्या जाण्यायेण्यासाठी ऑटो ठरवून दिला. मनकर्णाबाईंनी पहिल्याच दिवशी खुर्ची यंत्राला चिकटून मांडून घेतली. कोणाचा हात रडक्या चेहऱ्याकडे जाऊ लागला की काठी आडवी यायची. "थांब गा. काहून दाबून राहिला? आधी मले सांग." मग तो सांगायचा. त्या ज्याला बोलवायचं त्याला बोलवायच्या. एकदा खुद्द हाडाच्या डॉक्टरांना बोलावलं आणि तेही आले. काम झालं की त्या म्हणायच्या, "झालं ना मनासारखं? मंग दाब आता हसरा." तोही मुकाट्याने दाबायचा. पिवळं बटण नेमकं कशासाठी आहे, हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही.

महिना संपला तेव्हा आकडा शंभर होता. सुशीलच्या हाती पक्क्या नोकरीचं पत्र आलं. तो पत्राची घडी खिशात घालून जिना उतरत होता, तेव्हा दारावर कामगार नवी पाटी चढवत होते. मोठ्या मॅडम खाली उभ्या राहून डावी बाजू वर, उजवी खाली, असं सांगत होत्या. पाटी हातभर लांब, अक्षरं सोनेरी. तिचा फोटो काढून त्या हसतहसत लिफ्टमध्ये शिरल्या.

"सुशीलभाऊ," मनकर्णाबाईंनी खुर्चीतून हाक मारली. "काय लिवलं गा तिथं?"

"'शंभर टक्के समाधान,' मावशी."

मनकर्णाबाईंनी ओपीडीवर नजर फिरवली. एक म्हातारा औषधाची चिठ्ठी उलटी धरून उभा होता. एक बाई रांग चुकल्याचं भांडत होती. हाताला प्लास्टर घातलेला एक माणूस पाण्याच्या यंत्राला पेला कसा लावावा या विचारात होता.

"कोणाचं?" त्यांनी विचारलं.

सुशीलने पाटीकडे पाहिलं, मग लिफ्टच्या बंद दाराकडे.

"मोठ्या मॅडमचं, मावशी."

"हाव, ते तं दिसूनच राहिलं," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि त्यांनी काठीने प्लास्टरवाल्याला जवळ बोलावलं. "ये गा इकडं. अन् सुशीलभाऊ, तू त्याचा पेला धर."